खंडेनवमीचं मानपत्र

"मानपत्र? एका तासाचं काम!" सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता चिंतामणी सरांनी जाहीर केलं.

सरांचं एका तासाचं काम म्हणजे काय, हे त्यांच्या बायकोला, नीलाताईंना, सदतीस वर्षांच्या संसारात चांगलं ठाऊक होतं. मागं एकदा 'पाच मिनिटांचं काम' म्हणून त्यांनी नळाचा वॉशर बदलायला घेतला होता, तेव्हा अर्ध्या गल्लीनं बादल्या आणल्या होत्या. पण सणाच्या दिवशी कशाला बोला, म्हणून त्या गप्प बसल्या. तीच चूक झाली!

गोष्ट अशी. सर चार वर्षांपूर्वी सांबऱ्याच्या हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि अनगोळातल्या घरी येऊन बसले. त्याच शाळेचा शिपाई रवळू यंदा निवृत्त झाला. चौतीस वर्षं त्यानं शाळेची घंटा वाजवली. खंडेनवमीला शाळेत त्या घंटेची पूजा असते, म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी सहाला रवळूचा सत्कार ठरला. शाल, नारळ, फेटा गावाकडं आणि मानपत्र सरांकडं.

हे मानपत्र सरांनी मागून घेतलं होतं, बरं का. सरांचे स्वतःचे सत्कार काही कमी झाले नव्हते. घरात शालींचं एक कपाट आहे. पण त्यातल्या प्रत्येक सत्काराला खुर्च्या मांडल्या त्या रवळूनं, हार आणून दिला तो रवळूनं, आणि टाळ्या वाजवल्या त्या मागं दाराशी उभं राहून, त्याही रवळूनंच. त्या माणसाच्या भिंतीवर त्याच्या नावाचा एक तरी कागद लागला पाहिजे, असं सरांच्या मनानं घेतलं होतं. फ्रेम आणून तयार होती. कागद तेवढा व्हायचा होता. आणि तीन आठवडे तो 'एका तासाचं काम' म्हणून व्हायचाच राहिला होता.

"तीन आठवडे काय केलंत?" नीलाताईंनी शेवटी विचारलंच. "आज खंडेनवमी. आज पेन धरायचं नसतंय."

आणि खरंच, पेनं धरायला शिल्लकच नव्हती. पुढच्या खोलीत पाट मांडून त्यावर त्यांनी घरातली सगळी आयुधं पूजेला लावली होती. विळी, अडकित्ता, खुरपं, कात्री, पाना, पक्कड, आणि घरातली झाडून सगळी पेनं. एकदा हळदकुंकू लागलं की उद्या दसऱ्याला पूजा हलेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा सासूबाईंच्या वेळेपासूनचा नेम. शेजारी पेन मागायला जावं तर तिथंही तोच प्रकार. त्या दिवशी अख्ख्या अनगोळात एकही पेन मोकळं नव्हतं!

"पेन कुणाला पायजे?" सर म्हणाले. "मी काँप्युटरवर करणार. ते लिहिणं नव्हे. ते बटणं दाबणं."

"पण तुमचा कीबोर्ड तर तुम्हीच पूजेला ठेवलाय की!"

हेही खरं होतं. पहाटे उत्साहाच्या भरात सरांनी आपला कीबोर्ड आणून विळी आणि अडकित्त्याच्या मधे ठेवला होता. 'लेखणी गेली, आता हेच आमचं आयुध!' असं एक वाक्यही म्हणून घेतलं होतं. कीबोर्ड होता झकास. मुलानं, निशांतनं, बेंगळूरहून आणलेला, बिनवायरीचा. वरच्या बाजूला मधोमध एक गोल, रुपयाएवढं, लालसर बटण होतं. ते कशाचं, हे सरांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. पण कुंकू लावायला जागा बघावी तर ह्याहून सुबक कुठली? सरांनी पहिलं बोट तिथंच टेकलं. आणि पहिलं कुंकू जिथं लागतं तिथंच मागनं येणारे लावतात, ही आपली रीत.

"जुना कीबोर्ड आहे माळ्यावर. वायरवाला," सर म्हणाले. "त्याला काही हळदकुंकू लागलेलं नाही. तो आज कामावर!"

जुना कीबोर्ड खाली आला, त्याची धूळ झटकली गेली, आणि बरोबर अकरा वाजता सर आतल्या खोलीत काँप्युटरपुढं बसले.

टाइप करायचा त्यांचा प्रोग्रॅमही जुनाच. शाळेतनं सीडीवर आणलेला. वागायला सज्जन होता, पण बंद होताना 'जाऊ का?' म्हणून विचारायची पद्धत त्याला नव्हती. सरांनी एका बोटानं सुरुवात केली. 'श्रीयुत रवळू सातेरी यळ्ळूरकर यांस. चौतीस वर्षे आपण शाळेची घंटा वाजवलीत आणि चौतीस वर्षांत ती एका मिनिटानेही चुकली नाही...' पाच ओळी झाल्या. सर स्वतःवरच खूश झाले.

बाहेर बेल वाजली. शेजारच्या मालुबाई हळदकुंकवाला आल्या होत्या. पुढच्या खोलीत बायकांचं बोलणं सुरू झालं आणि इकडं पडदा एकदम मोकळा झाला. मानपत्र नाही, प्रोग्रॅम नाही, काही नाही. फक्त निशांतच्या मुंजीचा फोटो.

"अरेच्या!" सर म्हणाले.

हात लागला असेल कुठंतरी, असं समजून त्यांनी पुन्हा सुरू केलं. 'श्रीयुत रवळू सातेरी...' सहा ओळी झाल्या. बेल वाजली. कामाला येणाऱ्या रुक्माबाई सुनेला घेऊन पूजेच्या पाया पडायला आल्या. पडदा गेला! सर घाईघाईनं प्रोग्रॅम उघडतात न उघडतात तोच पुन्हा गेला!

आता मात्र सरांनी बेंगळूरला फोन लावला. निशांतला बसचं तिकीट न मिळाल्यामुळं तो उद्या यायचा होता. सुट्टीचा दिवस, पोरगं झोपेत होतं.

"निशांत, काँप्युटर बिघडलाय. सारखं बंद पडायलंय."

"काँप्युटर बंद पडतोय की प्रोग्रॅम, आप्पा?"

"दोन्ही आपलेच आहेत की रे! काय फरक पडतोय?"

निशांतनं एक लांब श्वास सोडला. मग त्यानं सरांकडून कायकाय बटणं दाबून घेतली आणि बेंगळूरला बसल्या बसल्या त्याला अनगोळचा पडदा दिसायला लागला. त्यानं एक दुसरा प्रोग्रॅम उघडून दिला. "ह्यात टाइप करून बघा." तेवढ्यात नीलाताई पूजेला दुपारचा नैवेद्य दाखवायला गेल्या. प्रोग्रॅम गेला. निशांतनं नुसता कॅल्क्युलेटर उघडून ठेवला. नीलाताईंना हळद वाहायची राहिल्याचं आठवलं. कॅल्क्युलेटरही गेला!

"आप्पा, कोणतरी बटण दाबायलंय."

"माझे दोन्ही हात मांडीवर आहेत!"

"मग शेजारच्या एखाद्या पोरानं वगैरे..."

"घरात मी आणि तुझी आई. ती देवापाशी आहे. देवाला खोटं पाडतोस?"

"बरं, एक करा," निशांत म्हणाला. "दर ओळीला सेव्ह करा. म्हणजे बंद पडलं तरी जाणार नाही."

"सेव्ह करताना ते नाव विचारतंय."

"मग नाव द्या की!"

"काम पुरं व्हायच्या आधी नाव? बाळ जन्मायच्या आधी बारसं करतोस काय तू?" सरांनी फोन ठेवला. त्यांना आता मुलाच्या शिक्षणाचीच शंका यायला लागली होती.

सर विचार करायला लागले. हा प्रकार मात्र वाईट असतो. विचार करता करता त्यांच्या असं ध्यानात आलं की, मालुबाई आल्या, बंद. रुक्माबाई आल्या, बंद. दोन्ही वेळा आधी काय झालं? बेल वाजली! म्हणजे बेल वाजली की वीज ओढली जाते, वीज ओढली की प्रोग्रॅमला धाप लागते! नैवेद्याच्या वेळी बेल वाजली नव्हती, पण शास्त्रात एखादा अपवाद चालतो.

त्यांनी लगेच ओळखीच्या लाइनमनला फोन करून कन्नडमधनं व्होल्टेजची तक्रार केली. तिकडनं उत्तर आलं, "सर, इवत्त आयुधपूजा री! पाना, पक्कड एल्ला पूजेदाग अदाव." म्हणजे त्याचीही पाना-पक्कड पूजेला बसली होती. आज सगळा जिल्हाच हात जोडून बसला होता.

मग सरांनी स्वतःच सूत्रं हातात घेतली. बेल काढायला स्क्रूड्रायव्हर हवा, तो पूजेत. म्हणून त्यांनी बोर्डावरचं बेलचं बटण हुडकून बंद केलं. ते काँप्युटरचं निघालं! तोपर्यंत पुन्हा टाइप झालेल्या नऊ ओळी गेल्या. शेवटी त्यांनी बाहेरच्या बेलवर चिकटपट्टीच्या सात फेऱ्या मारल्या आणि सहाव्यांदा 'श्रीयुत रवळू' टाइप करायला बसले. जेवण झालं नव्हतं. साडेतीन वाजले होते. पाचला सांबऱ्याहून गाडी न्यायला येणार होती. रवळूच्या सत्काराला रिकाम्या हातानं जायचं? चौतीस वर्षांत ह्या माणसानं आपलं एक काम उद्यावर टाकलं नाही, आणि आपण?

तेवढ्यात, ठरल्या वेळेच्या तास-सव्वा तास आधीच, खिडकीतून त्यांना फाटकाशी गाडी थांबलेली दिसली. आतनं उतरला खुद्द रवळू! नवं धोतर, इस्त्रीचा सदरा, हातात झेंडूची टोपली.

"रवळू? तू कसा काय?"

"गाडी धाडताव म्हनले जी. म्या म्हनलं, सरास्नी आनायचं काम माझं. आजवर म्याच आनलंय," रवळू हसत हसत फाटकातून आत आला आणि दाराशी येऊन त्याचा हात बेलकडं गेला.

"हात लावू नकोस!" सर खिडकीतून असे ओरडले की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. "बेलला हात लावायचा नाही! आत पण यायचं नाही! तिथंच थांब!"

रवळूचा हात तसाच हवेत राहिला. "चौतीस वर्सं घंटीलाच हात लावलाय जी म्या," तो हळूच म्हणाला. पण सरांचा हुकूम तो हुकूम. टोपली घेऊन तो उन्हात उभा राहिला. ज्याच्या मानासाठी हे सगळं चाललं होतं, त्यालाच सरांनी दाराबाहेर उभं केलं होतं. सरांना ते दिसत होतं आणि वाईटही वाटत होतं. म्हणून तर त्यांनी बोटाचा वेग वाढवला.

चार वाजले. चौदा ओळी झाल्या. शेवटचा परिच्छेद आला. नीलाताईंना मात्र ते उन्हातलं उभं राहणं बघवेना. त्यांनी रवळूला मागल्या दारानं आत घेतलं, चहा दिला. चहा पिऊन रवळूनं फुलं पाटावर वाहिली, विळीला हळद लावली, खुरप्याला लावली, आणि कीबोर्डवरच्या कुंकवावर आपलंही बोट भक्तिभावानं टेकलं.

आतून आलेला आवाज माणसाचा होता असं रवळूला वाटलं नाही. तो धावत आत गेला. सर डोकं धरून बसले होते.

"बेल वाजलीच नाही!" सर पुटपुटत होते. "बेल वाजली नाही तरी गेलं! मग कशानं गेलं?"

"सर, काय गेलं? कोन गेलं?" रवळूनं घाबरून टोपी काढली.

सरांनी पुन्हा बेंगळूर लावलं. ह्या वेळी आवाज पार उतरला होता. "निशांत, रवळू नुसता पूजेच्या पाया पडला रे. आणि गेलं."

"कसल्या पूजेच्या?"

"खंडेनवमीची रे. विळी, अडकित्ता, पेनं, तुझा कीबोर्ड..."

तिकडं निशांत ताडकन उठून बसला.

"आप्पा," निशांत म्हणाला, "त्या कीबोर्डला वरती गोल लाल बटण आहे. त्यावर काय आहे सध्या?"

"कुंकू."

"ते बटण, जे काही उघडं असेल ते बंद करायचं आहे. आणि कीबोर्ड चालूच आहे. बिनवायरीचा आहे तो. पाटावरनं पण चालतो!"

सर हळूहळू उठले. पुढच्या खोलीत जाऊन पाटासमोर उभे राहिले. लाल बटणावर कुंकवाचा चांगला बोटभर ढीग झाला होता. मालुबाई, रुक्माबाई, त्यांची सून, नीलाताई दोनदा, रवळू. सगळ्यांची भक्ती एकाच जागी आणि सरांची मेहनत तिथंच खलास!

"तो बंद करतो आधी," म्हणून सर वाकले.

"अहो!" नीलाताई आडव्या आल्या. "पूजा उद्या हलणार. आज हात लावायचा न्हाय."

"मग काँप्युटरच्या मागं त्याची एक पिटुकली खुंटी आहे, ती काढा," निशांत फोनवरून ओरडत होता. सरांनी मागं हात घालून एक काहीतरी उपटलं. "आप्पा, ते माउसचं होतं." दुसरं उपटलं. "ते प्रिंटरचं." सरांनी दोन्ही पुन्हा खोचली आणि मान ताठ केली. कारण सापडलं होतं, आणि मुख्याध्यापकाला कारण सापडलं की खुंट्या उपटाव्या लागत नाहीत.

"रवळू! पाटाजवळ उभा राहा. एक माणूस पूजेला शिवता कामा नये."

"व्हय जी!" रवळू खाडकन उभा राहिला. जसा शाळेच्या फाटकात परीक्षेच्या वेळी राहायचा तसा. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला काय चाललंय ते कळलं होतं.

आणि काय पहारा केला त्यानं! मालुबाई सुनेला घेऊन पुन्हा आल्या, त्यांना उंबऱ्यातनं परतवलं. नीलाताई फूल सरळ करायला आल्या, तर हा हात पसरून आडवा. "वैनी, सरांचा हुकूम हाय." आत सर टाइप करत होते. आता तर बोट आपोआप चाललं होतं. सात वेळा लिहिलेला मजकूर! 'आम्ही मुख्याध्यापक आलो आणि गेलो, शाळा आपल्या घंटेवर चालली...' सेव्ह? आता कशाला? धोका तर दाराबाहेर उभा केलेला! पूर्णविराम द्यायचा, छापायचं, आणि मग सावकाश नाव द्यायचं.

शेवटची ओळ. शेवटचा शब्द. सरांनी पूर्णविराम दिला, प्रिंटरमध्ये जाडसर पिवळट कागद सरळ केला आणि छापायच्या बटणाकडं माउस नेला.

बाहेर भिंतीवरच्या घड्याळात पाचचे ठोके पडले.

पाच वाजले की रवळूची ड्यूटी संपते. चौतीस वर्षं शेवटची घंटा दिली की तो घंटेला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा आणि घरी जायचा. एक मिनिट अलीकडं नाही, एक मिनिट पलीकडं नाही. मानपत्राच्या दुसऱ्याच ओळीत तसं लिहिलेलं होतं. इथं घंटा नव्हती. पाट होता. रवळू वाकला, कुंकवावर हात टेकला, तो कपाळाला लावला आणि मोठ्यानं म्हणाला, "सर, पाच वाजलं. निघूया!"

आतून ह्या वेळी कसलाच आवाज आला नाही.

साडेसहाला सांबऱ्याच्या शाळेत सर उभे राहिले. हातात फ्रेम होती. आत पिवळट कागद होता, कोरा करकरीत! लोकांना फ्रेमची मागची बाजू दिसत होती. सरांनी एकदा फ्रेमकडं बघितलं, एकदा फेटा बांधून अवघडून बसलेल्या रवळूकडं, आणि सुरुवात केली. 'श्रीयुत रवळू सातेरी यळ्ळूरकर यांस...' सबंध मानपत्र त्यांनी धडाधड म्हटलं. कुठं अडले नाहीत. सात वेळा लिहिलं होतं ना! शेवटी शेवटी मांडवात मागं बसलेल्या बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या. अशा टाळ्या सरांना स्वतःच्या सत्काराला कधी मिळाल्या नव्हत्या.

फ्रेम हातात घेतल्यावर रवळूनं ती बघितली. उलटी करून बघितली. पुन्हा सुलटी केली.

"उद्या छापून देतो रे," सर त्याच्या कानाशी लागून म्हणाले. त्यांना मान वर करवत नव्हती. "उद्या दसरा. पूजा हलली की लगेच. एका तासाचं काम आहे."

रवळू कोऱ्या कागदाकडं बघत राहिला. पाचच्या ठोक्याला आपण काय केलं, हे येताना गाडीत सरांच्या तोंडाकडं बघून त्याला केव्हाच कळलं होतं.

"छापा जी," तो म्हणाला. "फकस्त ते एका मिनटाचं काय हाय, तेवढं गाळा. आज माझं मिनट चुकलं."